मिल लॅक्सवर उन्हाळ्यात वॉलआय कसा धरावा

मिनियापोलिसहून उत्तरेला साधारण दोन तास गाडी चालवली की मिल लॅक्स लागतो. सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचा तलाव, आणि काठाने गॅरिसन, आइल, वाकॉन अशी छोटी गावं. इथे लोक येतात ते प्रामुख्याने वॉलआयसाठी. हा मिनेसोटाचा अधिकृत राज्य-मासा, चवीला सौम्य, काटे कमी. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात, राहणाऱ्या, पण गळ कधी हातात न धरलेल्या मराठी वाचकासाठी हा लेख आहे.

मे महिन्यात वॉलआय काठाजवळच्या उथळ पाण्यात असतो आणि नवख्यालाही सापडतो. पाणी तापलं की तो पांगतो. मग प्रश्न दोनच उरतात: तो कुठे आहे, आणि किती वाजता खातो. आमिष कुठल्या रंगाचं ही फार मागची गोष्ट आहे, दुकानात मात्र सगळ्यात जास्त भिंत तिनेच व्यापलेली असते.

पहिली पायरी: परवाना आणि त्या दिवशीचे नियम

परवाना ऑनलाइन मिळतो, तलावाकाठच्या आमिषाच्या दुकानातही मिळतो. राज्यात राहणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबांनी रॉड हातात घेतला, तर त्यांना मात्र अनिवासी परवाना काढावा लागतो. तो २४ किंवा ७२ तासांपुरताही मिळतो, त्यामुळे एका सहलीसाठी वर्षाचे पैसे भरायचं कारण नाही. उघड्या पाण्यात माणशी एकच दोरी टाकता येते. बाबांच्या नावावर दुसरा रॉड लावून तो आपणच सांभाळायचा, हे चालत नाही.

किती मासे ठेवायचे आणि किती लांबीचे, याचे मिल लॅक्सचे नियम राज्यातल्या इतर तलावांपेक्षा वेगळे असतात, दरवर्षी बदलतात आणि कधी हंगामाच्या मध्येच बदलतात. २०१५मध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला इथली वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली, आणि २०१६च्या उन्हाळ्यात धरलेला प्रत्येक वॉलआय परत सोडावा लागत होता. म्हणून मित्राने मागच्या वर्षी सांगितलेला आकडा धरून चालू नका. निघायच्या दिवशी सकाळी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं, म्हणजे डीएनआरचं, मिल लॅक्सबद्दलचं पान उघडून पाहा.

हे इतकं गुंतागुंतीचं का, याला इतिहास आहे. १८३७च्या करारात ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी इथली जमीन दिली, पण तिच्यावर शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क आजही शाबूत आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. त्यामुळे तलावातून किती वॉलआय काढणं सुरक्षित आहे ते ठरवलं जातं, आणि तो वाटा राज्य आणि ओजिब्वे समूह यांच्यात विभागला जातो. राज्याच्या वाट्यात, सोडून दिल्यावर मेलेल्या माशांचा अंदाजही धरतात. बोटीवर या व्यवस्थेबद्दल कुरकुर ऐकू येईल. जमीन घेतली त्याच कागदावर हा हक्क लिहिलेला आहे, त्यामुळे मला त्या कुरकुरीत दम वाटत नाही.

दुसरी पायरी: पहिल्यांदा लाँचवर जा

स्वतःची बोट नसेल तर भाड्याने घेण्याची घाई करू नका. इथले रिसॉर्ट मोठी, सपाट बुडाची, कठडे असलेली लाँच चालवतात. माणशी तिकीट काढायचं, साधारण चार तास पाण्यात राहायचं. रॉड, गळ, आमिष बहुधा तिथेच मिळतं. आरक्षण करताना काय मिळतं आणि काय आणायचं ते विचारून घ्या. चालकाला मासे कालपर्यंत कुठे होते ते ठाऊक असतं, आणि तिकिटाचे खरे पैसे त्या माहितीचे असतात. सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन फेऱ्यांत निवड करायची असेल तर संध्याकाळची घ्या. जूनअखेर इथे सूर्य नऊनंतर मावळतो, आणि वॉलआय त्याच सुमारास खायला लागतो. घरात कुणी शाकाहारी असेल तर त्यालाही न्या. सूर्यास्त बघायला परवाना लागत नाही.

तिसरी पायरी: तलाव समजून घ्या

मिल लॅक्स आकाराने अवाढव्य असला तरी परातीसारखा उथळ आहे. सगळ्यात खोल जागीही पाणी जेमतेम ४२ फूट, म्हणजे १३ मीटरच्या आत. तरी ही परात सपाट नाही. दक्षिण भागात खडक आणि खडीचे उंचवटे आहेत. उत्तरेकडे आणि मध्यावर चिखलाचे रुंद पठार पाण्याखाली पसरलेले आहेत. त्यांना इथे मड फ्लॅट म्हणतात. भोवतालच्या तळापेक्षा ते काही फूट उंच असतात. त्या पठारांच्या कडा, म्हणजे तळ जिथे एकदम उतरतो ती रेघ, उन्हाळ्यात वॉलआयची जागा.

कारण खाण्याचं आहे. मड फ्लॅटच्या चिखलात मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या असतात. जूनमध्ये, कधी जुलैपर्यंत, त्या थव्याथव्याने वर येतात, पंख फुटून उडतात, आणि सकाळी रिसॉर्टच्या भिंती त्यांनी भरलेल्या दिसतात. त्या दिवसांत वॉलआयचं पोट अळ्यांनीच भरलेलं असतं. फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे दिसतात आणि गळाला तोंड लावत नाहीत. अशा वेळी आमिष लहान करा, हालचाल मंद करा, आणि नाहीच जमलं तर चिखल सोडून खडकाळ भागाकडे जा.

दुसरं कारण डोळ्यांचं. वॉलआयच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा. अंधुक उजेडात त्याला पर्च माशांपेक्षा चांगलं दिसतं, आणि तो या फायद्यावर शिकार करतो. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, वारा पडलेला असताना हा फायदा त्याला नसतो. त्यातून २००५मध्ये या तलावात झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे तलाव आणखी नितळ झाला. पाणी स्वच्छ दिसलं की पाहुणे खूश होतात; वॉलआय धरायला आलेल्याने मात्र ते पाहून सावलीत जाऊन झोपावं आणि सहा वाजता उठावं.

ढगाळ हवा असेल, किंवा वाऱ्याने पाण्यावर बऱ्यापैकी लाट धरली असेल, तर दिवसाही मासा लागतो. लाटेने उजेड फुटतो, आणि वारा जिकडे आदळतो तिकडच्या उंचवट्यांवर खाद्य ढकललं जातं. म्हणून वाऱ्याच्या आडोशाला शांत पाण्यात बसण्याचा मोह टाळा. वारा ज्या खडकावर येऊन आपटतो तो खडक धरा, अर्थात तुमची बोट तिथे सुरक्षित उभी राहत असेल तरच.

चौथी पायरी: स्लिप बॉबर बांधा

बॉबर म्हणजे पाण्यावर तरंगणारा फुगा; स्लिप बॉबर तंगुसावरून सरकतो. नवख्यासाठी यापेक्षा चांगली पद्धत नाही, आणि मुरलेले लोकही हीच वापरतात. साडेसहा ते सात फुटांचा हलका रॉड, साधं रीळ, ६ ते ८ पौंडांचा ताण सोसणारा तंगूस. बांधण्याचा क्रम चुकवू नका. आधी तंगुसावर दोऱ्याची छोटी सरकती गाठ. ती दुकानात तयार मिळते. मग मणी, मग बॉबर. त्याच्या खाली, गळापासून सुमारे फूटभर वर, एक छोटं वजन. शेवटी ६ किंवा ८ क्रमांकाचा गळ. बॉबर तंगुसावरून मोकळा सरकतो आणि गाठीपाशी येऊन थांबतो. गाठ जितकी वर, तितकं आमिष खोल. फेकताना मात्र सगळं टोकाशी गोळा झालेलं असतं, त्यामुळे २५ फूट खोल पाण्यातही फेकायला अडचण येत नाही.

वजन शिशाऐवजी कथिलाचं किंवा टंगस्टनचं घ्या. इथला राज्यपक्षी लून पाण्यातली शिशाची वजनं गिळतो आणि विषबाधेने मरतो.

आमिष म्हणून जळू. नाक मुरडू नका: दुकानात मिळते ती रिबन लीच माणसाचं रक्त पीत नाही. तिच्या रुंद टोकाला जी चूषकाची चकती असते, तिच्यातून गळ एकदाच आरपार काढायचा. मग ती पाण्यात वळवळत राहते आणि बाकीचं काम तीच करते. मेलेली किंवा गोळा होऊन बसलेली जळू लगेच बदला. डबा बर्फाच्या पेटीत थंड ठेवा.

खोली मोजायला गळाला एखादं जड वजन अडकवून तळाला टेकवा आणि बॉबर कुठे थांबतो ते बघा. नंतर गाठ अशी सरकवा की आमिष तळापासून अर्धा ते दीड फूट वर राहील. हे मोजमाप कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक लोक ते टाळतात. मासा खाली आणि आमिष चार फूट वर, अशा अवस्थेत मग अख्खी संध्याकाळ जाते.

बॉबर बुडाला की लगेच झटका देऊ नका. आधी रीळ फिरवून ढिला तंगूस आत घ्या, पलीकडे वजन जाणवू द्या, मग रॉड एका लयीत मागे ओढा. पण फार वेळही थांबू नका, कारण मासा गळ गिळतो आणि मग त्याला सोडणं कठीण होतं.

पाचवी पायरी: मासे पांगले असतील तर फिरा

जुलैमध्ये एका जागी बसून काहीच लागत नसेल, तर बॉटम बाउन्सर वापरा. हे तारेचं वजन तळाला टेकत टेकत जातं आणि त्याच्यामागे फिरतं पातं आणि गांडूळ ओढत नेतं. बोटीचा वेग तासाला एक ते दीड मैल. दर १० फूट खोलीला साधारण १ औंस वजन, हा हिशेब पुरतो. मड फ्लॅटच्या कडेने, खोली बदलेल तशी बोट वळवत जायचं आणि मासा लागला की तिथेच परत फिरायचं. ऑगस्टमध्ये रात्री खडकांवरून लाकडी किंवा प्लॅस्टिकचे मासे ओढणारेही बरेच असतात, पण अंधारात तलाव ओळखीचा असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. शिवाय त्या वर्षी रात्रीच्या मासेमारीला मुभा आहे का, तेही बघून घ्या.

वाऱ्याबद्दल

लांबरुंद आणि उथळ तलावावर लाट आखूड आणि उभी उठते. समोरच्या काठावरून सुटलेल्या वाऱ्याला मध्ये अडवणारं काही नाही. बेटं आहेत ती खडकाचे तुकडे. त्यातली दोन मिळून देशातलं सगळ्यात लहान राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे, एकराहूनही कमी, आणि तिथे टर्न पक्षी घरटी करतात. आडोसा म्हणून त्यांचा उपयोग नाही. लहान बोट असेल तर सकाळी वारा कमी असतानाही काठाच्या टप्प्यात राहा. पांढरा फेस दिसायला लागला की परता. मेघगर्जना ऐकू आली की मासा गळाला असला तरी परता. चालत्या बोटीत १० वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मोठ्यांनीही ते अंगावर ठेवावं, बाकाखाली नाही.

सहावी पायरी: सोडायचा मासा जिवंत सोडा

लांबीच्या नियमामुळे धरलेले बरेच मासे परत सोडावे लागतात. पाण्याचं तापमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअसच्या वर गेलं की सोडलेले वॉलआय मरण्याचं प्रमाण वाढत जातं, आणि गळ घशात गेला असेल तर आणखीच. पोहत गेला म्हणजे वाचला असं नसतं. म्हणून मासा भराभर वर घ्या, हात आधी ओले करा, पाण्याबाहेर फार तर एक फोटो निघेल इतकाच वेळ ठेवा. घशातला गळ उपटू नका; तंगूस तोंडाशी कापून सोडून द्या. ऐन उकाड्यात, एका मागून एक सोडायचेच मासे लागत असतील, तर मी गळ गुंडाळून ठेवेन. तुम्हीही ठेवा. नियम ते सांगत नसला तरी तलावाचा हिशेब सांगतो.

काठावर आल्यावर

स्वतःची बोट असेल तर निघण्याआधी तिचं बूच काढून सगळं पाणी सोडा, वनस्पती आणि शिंपले काढा, आणि बूच उघडंच ठेवून गाडी हाका. हा कायदा आहे. झेब्रा शिंपले एका तलावातून दुसऱ्यात असेच जातात. उरलेल्या जळवा आणि गांडुळं पाण्यात किंवा काठावर न टाकता कचऱ्यात टाका. ठेवलेला मासा डोकं, शेपटी आणि कातडीसह मोजता येईल असा बर्फावर घरी न्या, बोटीत कापू नका.

घरी कातडी काढून दोन लांब फिले करा आणि मधली बारीक काट्यांची रेघ बोटांनी चाचपून कापून टाका. मांस पांढरं आणि कोवळं असतं, त्यामुळे मसाला बेताचा: हळद, तिखट, मीठ, लिंबू, थोडं आलं-लसूण, पंधरा मिनिटं मुरवून मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर. सुरमईला लावतो तेवढा मसाला लावला तर मासा कुठला ते कळणारही नाही. मोठ्या माशात पारा जास्त साठतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांनी किती खावा याचं मार्गदर्शन राज्याच्या आरोग्य विभागाने दिलं आहे, ते पाहून ताटात वाढा. आणि डोकं टाकण्याआधी डोळ्यांखालचे दोन्ही गाल सुरीच्या टोकाने गोल कापून घ्या. सुपारीएवढे निघतील, पण वॉलआयचा सगळ्यात चवदार भाग तोच.