चिमण्यांची मापं घेताय? या चुका टाळा

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसली आहे, की पक्ष्यांच्या वारशाचा अभ्यास करायला निघालेला माणूसही नकळत तिथूनच सुरुवात करतो. मीही तेच केलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वनखात्याच्या परवानगीने दोन हंगाम चिमण्यांची घरटी बघत होतो. गोठ्याला लागून असलेल्या कौलारू घरांत नर-मादी वजनदार, पिल्लंही वजनदार. हमरस्त्यावरच्या स्लॅबच्या घरांत दोन्ही हलकी. आईबापांच्या वजनापुढे पिल्लांचं वजन मांडून आलेख काढला, ठिपके तिरक्या रेषेत सुरेख बसले आणि वहीत लिहून टाकलं: ‘वजन आनुवंशिक.’

चूक तिथेच झाली. एके सकाळी गोठ्यासमोर बसून नुसतं बघितलं, तेव्हा ती कळली. मादी उकिरड्यावर उतरायची, शेण चोचीने उलटंपालटं करायची आणि हिरवट अळी घेऊन वाशाखालच्या भोकात शिरायची. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवते. स्लॅबच्या घराजवळची मादी मात्र भाताची शितं नि फरसाणाचा चुरा नेत होती. म्हणजे आईबाप आणि पिल्लं यांच्यातलं साम्य रक्तातून आलं की उकिरड्यावरून, हे माझ्या आलेखातून सांगताच येत नव्हतं. कौलांच्या भट्टीवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. माती एकच असली तरी कौल भट्टीत कुठे रचलं होतं, त्यावर त्याचा रंग बदलतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे अंडी किंवा पिल्लं एका घरट्यातून दुसऱ्यात बदलणं. कॅनडातल्या मँडार्टे बेटावर साँग स्पॅरो या पक्ष्यांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. पिल्लांच्या चोची त्यांना वाढवणाऱ्या आईबापांसारख्या नव्हे, तर जन्म देणाऱ्यांसारख्या निघाल्या. हा प्रयोग परवानगी आणि प्रशिक्षण असल्याशिवाय कुणीही करू नये, घरटी उद्ध्वस्त होतात. तो जमणार नसेल तर निदान प्रत्येक घरट्यापुढे परसाचं वर्णन लिहा आणि एकाच प्रकारच्या परसातल्या घरट्यांची आपसात तुलना करा.

दुसरी चूक बापाबाबत होते. घरट्यावर येणारा नर हाच सगळ्या पिल्लांचा बाप, असं आपण धरून चालतो. चिमण्यांमध्ये एखादं पिल्लू शेजारच्या नराचं असणं नेहमीचंच. म्हणून आईशी आणि बापाशी असलेलं साम्य वेगवेगळं मोजा. बापाची रेषा फारच सपाट आली तर हे एक कारण असू शकतं. आईची रेषा जास्त चढी असेल तर तिने घातलेल्या अंड्याचा आकार, तिने दिलेली ऊब हेही त्यात मिसळलेलं असू शकतं. आणि हिशेबात एक गोष्ट हमखास विसरली जाते: दोन्ही पालकांची सरासरी घेतली तर रेषेचा चढ तोच आनुवंशिकतेचं प्रमाण, पण एकाच पालकाशी तुलना केली तर तो चढ दुप्पट करावा लागतो.

हे प्रमाण, ज्याला हेरिटॅबिलिटी म्हणतात, म्हणजे पक्ष्यापक्ष्यांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती वाटा वारशाने मिळणाऱ्या जनुकांचा, एवढंच. प्रत्येक चिमणीला दोन पाय जनुकांमुळेच असतात, पण पायांच्या संख्येत फरकच नसल्याने तिथे मोजायलाही काही उरत नाही. म्हणूनच जांबोटीच्या पावसातल्या चिमण्यांवर काढलेला आकडा गोकाकच्या कोरड्या माळावरच्या चिमण्यांना जसाच्या तसा लावू नका. परिस्थिती बदलली की तोही बदलतो.

सर्वांत मोठा घोटाळा नैसर्गिक निवड आणि उत्क्रांती एकच समजण्याने होतो. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजरवर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञांचं फिंच या छोट्या पक्ष्यांवरचं काम १९७३ पासून चाललं. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या आणि कठीण कवचाच्या मोठ्या बिया उरल्या. त्यात गोखरूच्या कुळातल्या एका झाडाची काटेरी फळंही होती. आपल्या माळावर अनवाणी पायात रुततो, त्याच गोखरूचा हा भाऊबंद. जाड चोचीच्या फिंच जास्त वाचल्या. ही झाली निवड. पुढच्या पिढीच्या चोचीही जाड भरल्या, कारण चोचीची जाडी मोठ्या प्रमाणात वारशाने येते. ही झाली उत्क्रांती. १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे (समुद्राचं पाणी तापल्याने) तिथे आलेल्या मुसळधार पावसानंतर बारीक बियांचं रान माजलं आणि निवडीचा रोख उलटला. म्हणून एका वर्षाच्या आकड्यांवरून दिशा ठरवू नये.

समजा वाचलेल्यांच्या चोचीच्या जाडीची सरासरी आधीच्या सगळ्यांच्या सरासरीपेक्षा ०.५ मिमी जास्त आहे आणि आनुवंशिकतेचं प्रमाण ०.४ आहे. पुढच्या पिढीत अपेक्षित वाढ ०.२ मिमी, ०.५ नव्हे. त्यासाठी आधीच्या सगळ्यांची मापं हाताशी हवीत. संकटानंतर उरलेल्यांनाच मोजलं तर हा हिशेब मांडताच येत नाही.

एवढंही नेहमी जुळत नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या कॉलर्ड फ्लायकॅचर या पक्ष्यामध्ये पायाच्या टार्सस या (बोटांच्या वरच्या) भागाची लांबी वारशाने येते, लांब टार्ससची पिल्लं जास्त जगतात, तरी वर्षानुवर्षं सरासरी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. असं दिसलं तर आधी पुन्हा उकिरड्याकडे बघा: पोटभर खाल्लेलं पिल्लू मोठंही होतं आणि जगतंही, पण भरलेलं पोट वारशाने जात नाही.

मापं घेताना कॅलिपर (चिमट्यात धरून लांबी-जाडी मोजायचं उपकरण) एकाच माणसाच्या हातात राहू द्या, आणि काही पक्षी दोनदा मोजा. चिमणीच्या चोचीची लांबी ऋतूनुसार बदलते, कठीण दाण्यांनी ती झिजते, त्यामुळे उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली मापं एका रांगेत ठेवू नका. माझ्या वहीत आता वजनाच्या अलीकडे तारीख असते, पलीकडे मोजणाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात उकिरडा घरट्यापासून किती पावलांवर आहे ते.