गाडी थांबवता येणे हेही ड्रायव्हिंगच आहे : शहरात गाडी लावताना या चुका टाळा

पुण्याच्या पेठांमध्ये पंचवीस वर्षे चारचाकी चालवल्यानंतर आणि घरातल्या व शेजारपाजारच्या सात-आठ जणांना ती शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की नवशिक्याचा हात रस्त्यावर जितका कच्चा असतो, त्याहून तो गाडी थांबवण्यात कच्चा असतो. क्लच, गिअर आणि चढावर गाडी उचलणे हे सगळे तो महिनाभर घोकतो. परंतु गाडी कोठे उभी करावी, कशी उभी करावी आणि तिच्यातून कसे उतरावे हे त्याला कोणी शिकवत नाही आणि त्यालाही ते शिकण्यासारखे वाटत नाही.

मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे मागे न पाहता दार उघडणे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला नुकताच परवाना मिळाला होता आणि त्याच्या आग्रहावरून मी टिळक रस्त्यावर त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याने दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी अशी बेताने बसवली की मीही म्हणालो, "छान लावलीस." त्याने इंजिन बंद केले, पट्टा काढला, मोबाइलवर आलेला एक संदेश वाचला आणि दार उघडले. त्या दारावर सायकलवरून पाव घेऊन निघालेला एक गृहस्थ आदळला. त्याचे मनगट मोडले, पाव रस्ताभर पसरले आणि मागून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला म्हणून गोष्ट मनगटावर निभावली. रुग्णालयाच्या वाटेवर भाचा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता : "मामा, मी आरशात बघितलं होतं."

तो खोटे बोलत नव्हता. त्याने आरशात पाहिले होते, पण ते गाडी लावताना, आणि त्यानंतर किमान दहा सेकंद गेले होते. ताशी १५ किलोमीटरच्या संथ वेगाने चालणारी सायकलसुद्धा दहा सेकंदांत चाळीस मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे त्याने आरसा पाहिला तेव्हा तो पाववाला बहुधा त्यात ओळखू येण्याइतकाही जवळ नव्हता. दुचाकीचा वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर एका सेकंदात ती आठ मीटर पुढे आलेली असते आणि दार उघडायला तर सेकंदही लागत नाही. आरशात पाहिलेले दृश्य फार लवकर शिळे होते, हे त्या दिवशी त्याच्याइतकेच मीही शिकलो, कारण त्या दहा सेकंदांत त्याला शाबासकी देण्यात मीही गुंतलो होतो.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की चालकाच्या बाजूचे दार मी डाव्या हाताने उघडतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळे डावा हात दाराच्या खटक्यापर्यंत नेताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्याकडे जाते. नेदरलँड्समध्ये लोक हेच उलट, म्हणजे उजव्या हाताने करतात, कारण तिथे चालक डावीकडे बसतो. दार आधी वीतभरच उघडावे, क्षणभर थांबावे आणि मग उतरावे. मागच्या उजव्या दाराचे चाइल्ड लॉक माझ्या गाडीत कायम लावलेले असते, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना सीटवरून सरकत डावीकडून उतरावे लागते आणि त्याबद्दल मला दर वेळी बोलणी खावी लागतात. ती मी खातो. डावीकडचे दारही डोळे झाकून उघडू नये, कारण गाडी आणि पदपथ यांच्यामधल्या फटीतून सायकल काढणारे पुण्यात कमी नाहीत.

दुसरी चूक "दोनच मिनिटं" या नावाने ओळखली जाते. गल्लीच्या अगदी कोपऱ्यावर गाडी लावायची, चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायचे आणि दुकानात शिरायचे. हे दिवे गाडी बंद पडली असता इतरांना सावध करण्यासाठी असतात. परंतु कोठेही गाडी उभी करण्याची परवानगीच त्यांतून मिळते, अशी अनेकांची ठाम समजूत आहे. आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत एका शेजाऱ्यांच्या छातीत दुखू लागले तेव्हा रुग्णवाहिका वेळेवर आली, पण कोपऱ्यावरच्या अशाच एका लुकलुकत्या गाडीमुळे तिला आत वळताच येईना. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतल्या बाजूने जातात, म्हणून वळणाचा आतला कोपरा मोकळा असावाच लागतो. शेवटी आम्ही चौघांनी स्ट्रेचर हातांवर उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत नेले. शेजारी सुदैवाने बरे झाले. गाडीचा मालक मिठाईचा पुडा घेऊन परतला आणि म्हणाला, "पण मी ब्लिंकर लावले होते की!"

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेसारख्या वाहनाला वाट न देणाऱ्यासाठी दहा हजार रुपये दंडाची तरतूद केली. कोपऱ्यावर गाडी सोडून गेलेला माणूस मात्र वाट द्यायला जागेवरच नसतो. शिवाय अशा गाडीमागून रस्त्यावर येणारे मूल वळणाऱ्या चालकाला दिसत नाही. मी तीन मिनिटे चालावे लागले तरी कोपऱ्यापासून दूरच गाडी लावतो, आणि तेवढे चालण्याचा ज्याला कंटाळा आहे त्याने पेठेत चारचाकी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौकात सरळ जायचे आहे हे दाखवण्यासाठी चारही इंडिकेटर लावणे ही याच दिव्यांची दुसरी विटंबना आहे. कडेच्या चालकाला तुमचा एकच दिवा दिसतो आणि तुम्ही त्याच्याकडे वळत आहात असे त्याला वाटते.

मागच्या कॅमेऱ्यावर विसंबून गाडी मागे घेणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की शंका आली तर खाली उतरून पाहावे. मागच्या काचेवर खुणेच्या पट्ट्या चिकटवून पाच मिनिटांत पार्किंग शिकवणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत. त्या खुणा एका गाडीपुरत्या आणि एकाच उंचीच्या चालकापुरत्या असतात.

सोसायटीत गाडी तोंड बाहेर करून लावावी.

तळजाईच्या रस्त्यासारख्या उतारावर केवळ हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये. गाडीचे तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा आणि पुढची चाके पदपथाकडे वळवावीत. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर टाकावा आणि पदपथाला कठडा असल्यास चाके रस्त्याच्या बाजूला वळवावीत, म्हणजे गाडी घसरलीच तर चाक कठड्याला अडते. ऑटोमॅटिक गाडीत आधी हँडब्रेक ओढावा आणि मगच लिव्हर पार्कवर न्यावा.

राहिली सम-विषम तारखांची भानगड. पी-१ असे लिहिलेल्या बाजूला विषम तारखेला आणि पी-२ च्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची, एवढा साधा हा नियम आहे. पण रात्री लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला उभी असते, हे नव्या माणसाला दंडाची पावती पाहूनच उमगते. त्यातही ३१ तारखेच्या रात्री पी-१ वर लावलेली गाडी १ तारखेलाही योग्यच ठरते, कारण दोन्ही तारखा विषम आहेत. सवयीने त्या सकाळी ती पलीकडे नेऊन ठेवणारे आमच्या गल्लीत दरवेळी एक-दोन जण तरी निघतात.