खजूर-बेदाण्याच्या वड्या

लेकाचं कॉलेज सकाळी सातला. पोटात काहीतरी जावं म्हणून मी दर पंधरा दिवसांनी या वड्या करते. साखर-गूळ काही नाही, गोडी खजुराचीच.

पाव किलो मऊ काळा खजूर घ्या. प्रत्येक खजूर उघडून बी काढा. आत कधी कीड असते, म्हणून हे काम घाईत नको. बदाम, काजू ५०-५० ग्रॅम, अक्रोड मूठभर, भोपळ्याच्या बिया २ चमचे. बेदाणे तासगावकडचे मिळाले तर उत्तमच, तेही मूठभर.

सुकामेवा अडकित्त्याने कातरायचा. मिक्सरमध्ये निम्म्याचा भुगा होतो, आणि वडीत दाताखाली बदाम यायलाच हवा! मग मंद आचेवर कोरडाच भाजा, अक्रोड सगळ्यात शेवटी, कारण तो पटकन करपून कडू होतो. १ चमचा खसखस वेगळी भाजून ठेवा.

त्याच कढईत २ चमचे तूप, त्यात खजूर. उलथन्याने दाबत राहा. पाचेक मिनिटांत गोळा कडा सोडतो, तिथेच गॅस बंद. मागच्या दिवाळीत मी अजून थोडं परतलं आणि वड्या चिवट झाल्या, सासूबाईंना चावेनात.

सुकामेवा, बेदाणे, वेलची, चिमूटभर मीठ घालून गरम असतानाच मळा. तुपाचा हात लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने घट्ट दाबा. सैल राहिलं की कापताना चुरा होतो. वर खसखस. तासाभराने लांबट कापा, स्टीलच्या डब्यात भरा.