विणकामाची साधने सापडलेले थडगे कसे वाचावे

इंग्लंडमध्ये इसवी सनाच्या 5व्या ते 7व्या शतकात अँग्लो-सॅक्सन समाजातील मृतांना बहुधा कपड्यांसह आणि वापरातील वस्तूंसह पुरले जाई. स्त्रियांजवळ टकळीची चकती (सूत कातताना टकळी फिरती ठेवणारे वजन), मणी आणि चाव्या सापडतात, तर पुरुषांजवळ भाला आणि ढाल सापडते, हे इतक्या वेळा लिहिले गेले की चकती म्हणजे स्त्री आणि भाला म्हणजे पुरुष असे समीकरणच रूढ झाले. उत्खननाचा अहवाल वाचताना किंवा संग्रहालयात असे थडगे पाहताना हे समीकरण बाजूला ठेवून पुरावा क्रमाने तपासावा. माझ्या मते यात क्रमच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रथम अस्थींवरून निघालेला निष्कर्ष आणि वस्तूंवरून निघालेला निष्कर्ष दोन वेगळ्या रकान्यांत लिहावेत. जुन्या अहवालांत पुष्कळदा चकतीवरून सांगाडा स्त्रीचा ठरवला जाई आणि मग अशाच थडग्यांच्या आधारे सूतकताई हे स्त्रियांचे काम होते असे सिद्ध केले जाई. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरलेले असे. म्हणून लिंगनिश्चिती कशावरून केली आहे, कटीच्या हाडांवरून, कवटीवरून, डीएनएवरून की केवळ वस्तूंवरून, हे अहवालात शोधावे. आम्लयुक्त मातीत हाडे विरघळून जातात, आणि लहान मुलांच्या हाडांवरून लिंग खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी दातांच्या एनॅमलमधील ॲमेलोजेनिन या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते, कारण एक्स आणि वाय गुणसूत्रांवरून तयार होणारे त्याचे प्रकार वेगळे असतात. स्वीडनमधील बिर्का या व्हायकिंगकालीन नगरातील बीजे 581 क्रमांकाचे थडगे ह्यालमार स्टोल्पे यांनी 1878 मध्ये उघडले. शस्त्रे आणि दोन घोडे पाहून ते पुरुष योद्ध्याचे मानले गेले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने सांगाडा स्त्रीचा असल्याचे दाखवले. शस्त्रांबाबत जी घाई झाली, ती चकतीबाबतही होऊ शकते.

त्यानंतर वस्तू नेमकी कोठे पडली होती ते आराखड्यावर पाहावे, आणि येथे वेळ द्यावा. मधोमध भोक असलेली मातीची, दगडाची किंवा शिंगाची चकती कमरेजवळ, चाव्या आणि सुरीच्या शेजारी असेल, तर ती कमरपट्ट्याला अडकवलेली असण्याची शक्यता अधिक आहे. तीच चकती खड्डा भरलेल्या मातीत वर कोठेतरी सापडली असेल, तर ती जुन्या वस्तीतील मातीबरोबर आलेली असू शकते आणि मृत व्यक्तीशी तिचा काही संबंध नसेल. काच, अंबर (कठीण झालेली झाडाची राळ) किंवा स्फटिकाचा एकच मोठा मणी तलवारीच्या मुठीजवळ असेल, तर तो तलवारीला बांधलेला मणी असतो. सुटा पाहिल्यास तो टकळीची चकती वाटू शकतो. भोकाच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत का, हेही पाहावे, कारण प्रत्यक्ष वापराची खूण तेथे उमटते. वजनाची नोंद असल्यास तीही घ्यावी. हलकी चकती बारीक सुतासाठी सोयीची असते.

लोखंडी पट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. उभ्या मागावर आडवे धागे ठोकून बसवण्याची ही पट्टी तलवारीसारखी दिसते, पण तिच्या कडा बोथट असतात आणि तिला म्यान नसते. इंग्लंडच्या केंट परगण्यातील सार व फिंगल्सहॅम येथे ती श्रीमंत स्त्रियांच्या थडग्यांत मिळाली आहे. विणकाम तर घरोघरी चाले, मग लोखंडी पट्टी मोजक्याच थडग्यांत का? इसवी सन 800 च्या सुमारास फ्रँक राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात) राजाच्या जहागिरींसाठी काढलेल्या आदेशात स्त्रियांच्या कामशाळांना लोकर, जवसाचे तंतू, रंग, फण्या आणि साबण पुरवण्यास सांगितले आहे. तेथे राबणाऱ्या स्त्रियांचे काम आणि केंटमधल्या थडग्यातील पट्टी यांचा अर्थ एकच असणे मला पटत नाही. ही पट्टी घरातील वस्त्रनिर्मितीवर त्या स्त्रीचा अधिकार होता हे सांगते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिने स्वतः किती विणले, हे पट्टीवरून कळत नाही.

मग वय पाहावे. स्त्रीवेशाचा पूर्ण संच बहुधा किशोरवयानंतर दिसू लागतो, म्हणजे लिंगभाव (समाजाने मानलेली स्त्री किंवा पुरुष ही ओळख) जन्मापासून एकसारखा दाखवला जात नसे. ज्यांच्याजवळ ना शस्त्र ना दागिना, अशी थडगीही पुष्कळ असतात. तुलनेच्या तक्त्यात ती गाळू नयेत, नाहीतर समाज दोन स्वच्छ गटांत विभागलेला होता असा आभास निर्माण होतो.

एका थडग्यात दोन व्यक्ती असतील, तर वस्तूंची वाटणी अंदाजाने करू नये. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे 834 मध्ये एका जहाजात दोन स्त्रियांना पुरले होते. 1904 मधील उत्खननात तेथे माग सापडले आणि धागे ओवण्यासाठी भोके असलेल्या 52 लहान चौकोनी फळ्यांवर अर्धवट विणलेली एक फीतही सापडली. परंतु थडगे पूर्वीच फोडले गेले होते आणि अस्थी विस्कळीत होत्या, त्यामुळे कोणते साधन कोणाचे होते हे ठरवता येत नाही.

अस्थी आणि वस्तू परस्परविरोधी दिसल्या, तर लगेच एकीला चूक ठरवू नये. फिनलंडमधील सुओंताका येथे 1968 मध्ये सापडलेल्या थडग्यात स्त्रीवेश आणि तलवार एकत्र होती. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार त्या व्यक्तीची गुणसूत्रे बहुधा एक्सएक्सवाय होती, म्हणजे स्त्रीची नेहमीची एक्सएक्स किंवा पुरुषाची एक्सवाय यांपैकी कोणतीच नव्हती. अशा ठिकाणी नोंद पुढीलप्रमाणे करावी: ‘अस्थींवरून लिंग अमुक, पद्धत अमुक, पुरणाऱ्यांनी अमुक वेश आणि अमुक साधने दिली, ती अमुक जागी होती.’ ‘विणकरीण’ किंवा ‘योद्धा’ हे शब्द या नोंदीत येऊ देऊ नयेत. ते मांडायचेच असतील तर पुढच्या परिच्छेदात, आपले मत म्हणून आणि कारणांसह मांडावेत.