पात्राला स्वभाव दिलाय की नुसती पायरी? एक प्रसंग घ्या आणि तपासा

नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. इंदोऱ्यासारख्या दलित वस्तीपासून धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागापर्यंतची पोरं एका बाकावर बसतात आणि एकाच पात्राबद्दल त्यांची मतं दोन टोकांना जातात. एकाला कथेतली मोलकरीण किती प्रेमळ वाटते; दुसरीला तिच्यात आपली आई शोधूनही सापडत नाही. हा वाद 'ज्याचं त्याचं मत' म्हणून मिटवू नये, असं मला मनापासून वाटतं. जात, वर्ण (म्हणजे कातडीचा रंग), पैसा यांनी पात्राची समाजातली पायरी ठरते. त्या पायरीवरच्या माणसाला लेखकाने स्वतःचा स्वभाव दिला की नाही, हे तपासता येतं. त्यासाठी आम्ही वर्गात काय करतो ते सांगते.

अख्खी कादंबरी घेऊ नका. एकच प्रसंग घ्या, ज्यात दोन पायऱ्यांवरची माणसं समोरासमोर येतात: मालक आणि गडी, फौजदार आणि संशयित, सासरा आणि परजातीतली सून. पुस्तक असेल तर दोन-तीन पानं पुरतात, सिनेमा असेल तर पाच मिनिटं. कोऱ्या कागदावर प्रसंगातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. अडचण इथेच सुरू होते, कारण काहींना नावच नसतं.

या नावापाशी घाई करू नका. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' हे नाटक घ्या; त्याचा नायक ऑथेल्लो हा व्हेनिसचा कृष्णवर्णीय सेनापती. पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात सगळं बोलणं त्याच्याबद्दलच चालतं, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. त्याला 'मूर' (उत्तर आफ्रिकी वंशाचा) म्हणतात, जाड ओठांचा म्हणतात, जनावरांच्या उपमा देतात. दुसऱ्या प्रवेशात तो रंगमंचावर येतो तेव्हा शांत, तोलून बोलणारा सेनापती दिसतो. ऐकलेलं वर्णन आणि समोरचा माणूस जुळत नाहीत. नाव पहिल्यांदा उच्चारलं जातं तिसऱ्या प्रवेशात, तुर्कांच्या आरमाराची चिंता लागलेल्या ड्यूकच्या तोंडून. राज्याला तलवारीची गरज पडली तेव्हा त्याला नाव मिळालं! वर्णाने दिलेली पायरी आणि माणसाचा स्वभाव यांतलं अंतर नाटककाराने तीन प्रवेशांत उघडं केलं आहे.

आता याच्या शेजारी १९३९ चा 'गॉन विथ द विंड' हा सिनेमा ठेवा. त्यातली घरकाम करणारी गुलाम स्त्री शेवटपर्यंत फक्त 'मॅमी', म्हणजे मुलं सांभाळणारी दाईच असते. ही भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० च्या समारंभात ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण त्या रात्री त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. तपासताना पडद्याबाहेरची पायरीही कागदावर लिहायची ती यासाठी.

मग नावांमध्ये बाण काढा. कोण कुणाला अरे-तुरे करतं, कोण कुणाला अहो-जाहो? मराठीत हे लपवता येत नाही, क्रियापदच सांगून टाकतं. दहा वर्षांचं पोर साठीच्या गड्याला 'अरे' म्हणतं आणि गडी त्याला 'जी धाकले मालक' म्हणतो, तेव्हा पायरी समजलीच. बाण कुठे उलटतो त्यावर खरी नजर ठेवा. एरवी 'काय गं' म्हणणारा पाटील मतं मागताना 'ताई' म्हणतो का? गडी चिडल्यावर 'तू'वर येतो का? ज्या प्रसंगात एकही बाण कधी हलत नाही, तिथे लेखकाने बहुधा पायरीच लिहिलेली असते.

बोलीचा तपास आमच्याकडे फार जिव्हाळ्याचा. 'काय करून राहिली वं' हे नागपुरात डॉक्टरही बोलतात, वकीलही, भाजीवालेही. पडद्यावर मात्र ही बोली बरेचदा हसू आणायला आणि नोकराच्या तोंडीच येते. एवढंच बघा: बोलीत बोलणारं पात्र त्याच बोलीत एखादी गंभीर गोष्ट बोलतं का? प्रेम, हिशोब, कायदा, मरण, काहीही. की गंभीर व्हायची वेळ आली की लेखक त्याच्या तोंडी पुस्तकी भाषा घालतो?

यानंतरचा प्रश्न मी सर्वांत मोलाचा मानते. या पात्राला नायकाशी संबंध नसलेली एक तरी इच्छा आहे का? एका विद्यार्थिनीने धरमपेठेतल्या घरावर कथा लिहिली होती. त्यातली कामवाली बाई सतत मायेने बघायची आणि मालकिणीच्या दुःखाने रडायची. मी विचारलं, "भर मे महिन्यात दुपारी ही घरी जाऊन काय करते?" पोरगी आठवडाभराने परत आली. आता बाईचा जीव घड्याळात अडकला होता, कारण वस्तीत टँकर चारला येतो आणि पोरगा एकटा रांगेत उभा राहत नाही. मालकीण रडत असताना बाई पदराला हात पुसत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, असं एक वाक्य आलं आणि ती बाई उभी राहिली. माया कमी झाली नाही, फक्त ती आता एका माणसाची माया होती.

रंगाची विशेषणं अधोरेखित करा, 'काळी पण नीटस' छापाची तर नक्कीच. शेवटी किंमत कोण मोजतं तेही लिहा: नायकाला शहाणपण यावं म्हणून कोण मरतं, कुणाची नोकरी जाते. इथे फार वेळ लागत नाही, उत्तर चटकन दिसतं.

परदेशी कलाकृती तपासताना वर्ण म्हणजे जातच असं धरून चालू नका. नातं जुनं आहे, हे खरं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि मुंबईत १९७२ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. पण गोष्टीची यंत्रणा वेगळी चालते. वर्ण दिसतो, जात आडनावातून, वस्तीतून, चौकशीतून काढली जाते. म्हणून बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला जात लपवून राहण्याचा ताण ऑथेल्लोच्या वाट्याला येऊच शकत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं, 'ओंकारा' या २००६ च्या हिंदी सिनेमाने त्याच नायकाला खालच्या मानलेल्या जातीतल्या आईचा मुलगा केलं. अशी रूपांतरं समोर ठेवून एकच प्रश्न विचारा: मूळ नाटकात जे काम कातडीचा रंग करतो, ते इथे कोण करतं?

सिनेमात पात्रांच्या मागची भिंतही वाचा. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुक्कर वाहून नेणारं कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जातं आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेल्या आहेत. त्या चौकटीत एकही संवाद लागत नाही. आपल्या नागपुरातल्या 'झुंड'मध्येही चौकटीत मागे काय काय आहे ते थांबवून थांबवून बघा.

सरावासाठी आत्मकथनापासून सुरुवात करा, म्हणजे पायरीवरचं माणूस स्वतः बोलताना कसं बोलतं याचा कान तयार होतो. नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१) मी आधी देते. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते तेव्हा अपमान आणि कौतुक दोन्ही तिच्या जातीवरच कसे येऊन थांबतात, ते त्यात वाचायला मिळतं. पुस्तकं हवी असतील तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरातल्या स्टॉल्सवर जा. एक आत्मकथन आणि एक गाजलेली कादंबरी अशी जोडी घ्या, आणि दोन्हींतला एकेक प्रसंग शेजारी ठेवून बाण काढायला लागा.