गढूळ आइस टीवर सापडलेला उपाय

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारचा गरम चहा नकोसा होतो. म्हणून घरीच आइस टी करायला लागले, पण फ्रिजमध्ये ठेवला की तो पुराच्या पाण्यासारखा गढूळ व्हायचा. वर तुरट. नासला समजून सासूबाई मोरीत ओतायलाच निघाल्या होत्या.

नासलेला नसतो तो. कडक उकळलेल्या चहातलं कॅफीन आणि टॅनिन गार होताना एकमेकांना धरतात, म्हणून गढूळपणा येतो. थोडं उकळतं पाणी घातलं की बराचसा निवळतोही. पण तुरटपणा राहतोच, तेव्हा मी उकळणंच सोडलं.

आता रात्री १ लिटर गार पाण्यात ४ चमचे चहा घालून बरणी फ्रिजमध्ये. इथल्या सियागंज बाजारातून मोठ्या पानाचा सुटा चहा आणते. रोजच्या दाणेदार चहाला रंग झटकन येतो, चव मात्र जमत नाही. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायचा, फडकं पिळायचं नाही. साखर गार चहात विरघळता विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून पाक तयार ठेवते. लिंबू पिळलं की रंग एकदम उजळतो. मुलांना तेवढंच बघायचं असतं. दूध घालावंसं वाटणाऱ्यांनी सरळ गरम चहाच प्यावा.