समुद्रकाठच्या मुक्कामाला सुरी घेताना: आधी म्यान, मग पातं

कोकणात किनाऱ्यावर तंबू टाकून राहायचंय आणि त्यासाठी न मिटणारी, अखंड पात्याची सुरी घ्यायचीय, तर यादीत पहिला शब्द लिहा: म्यान. पातं नंतर, मूठ नंतर. सुरी दिवसातून फार तर तासभर हातात असते, उरलेला दिवसभर म्यानात. मागच्या खरेदीत पोलाद पारखलं, जाडी मोजली, मूठ दाबून पाहिली, आणि म्यान ‘सोबत मिळतंय ना’ म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पात्यावर लाल ठिपके. म्हणून ही यादी.

मिटणारा चाकू का नको? बिजागरीत वाळू नि मीठ जातं. पुढे.

आधी काम ठरवा. दोरी कापणं, मासे साफ करणं, कांदा चिरणं, काटक्या तासणं, चुलीसाठी मनगटाएवढं लाकूड फोडणं, एवढंच सुरीचं काम. शहाळं तासणं आणि फांद्या तोडणं कोयतीचं, आणि कोयती गावातल्या लोहाराकडे उत्तम मिळते. सुरीकडून कोयतीचं काम करून घेतलं की आधी धार जाते, मग टोक, मग बोट. तेव्हा पातं १० ते १२ सेंटिमीटर लांब आणि ३ ते ४ मिलिमीटर जाड पुरे. अडीच मिलिमीटरची स्वीडिश मोरा कंपनीची सुरी माशाला नि भाजीला झकास, पण वाळलेलं सुरूचं लाकूड तिच्या पाठीवर ठोकून फोडणार असाल तर जपून. करवतीसारखे दात, पोकळ मुठीत होकायंत्र आणि काडेपेटी, असलं काही दिसलं तर सुरी खाली ठेवा आणि दुकानाबाहेर पडा.

लांबीला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते. घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. शिवाय सणावाराच्या आणि निवडणुकीच्या आसपास जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात सुरे-चाकू बाळगण्यावरही बंदी असते. गणपतीला जोडून मुक्काम ठरवत असाल तर आदेश आहे का ते आधी बघा. कमरेला सुरी लावून एसटी स्टँडवर फिरायचं तर कधीच नाही.

पोलाद. १०९५सारख्या साध्या कार्बन पोलादात क्रोमियम जवळपास नसतंच. धार सुरेख धरतं, दगडावर पटकन पाजवून होतं, आणि खाऱ्या वाऱ्यात एका रात्रीत लालसर होतं. लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेल्या सुरीचंही तेच. कोकम, लिंबू, काजूचं बोंडू लागलं की पात्यावर काळपट-निळा डाग येतो. तो निरुपद्रवी, लाल मात्र गंज. डी-२ नावाच्या पोलादाला दुकानदार ‘जवळजवळ स्टेनलेस’ म्हणतात. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण बरंचसं कार्बनशी बांधलेलं, गंज अडवायला मोकळं थोडंच उरतं. किनाऱ्यासाठी १२सी२७ किंवा १४सी२८एन हे स्टेनलेस पोलाद घ्या, दोन्हींत क्रोमियम १४ टक्क्यांच्या जवळपास असतं. कडकपणा रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५९. त्याहून फार कडक पातं जांभ्यावर आपटलं की धारेचा कपचा उडतो.

आणि स्टेनलेस घेतलं म्हणजे सुटलो, हे डोक्यातून काढा. स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर. तो ओरखडला तर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा तयार होतो. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं, आणि ओल्या, घट्ट म्यानात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून थर पुन्हा धरत नाही. मग बारीक खड्डे पडतात, वरून टाचणीच्या टोकाएवढे, आत खोल. हे उघड्यावर कमी होतं, म्यानात जास्त. म्हणजे पुन्हा म्यान.

तर म्यान. चामड्याचं दिसायला देखणं, घाटावर ठीक, इथे नको. चामडं पाणी पितं, मीठ धरून ठेवतं, पावसाळ्यात आतून बुरसतं, आणि कमावताना वापरलेल्या रसायनांचे अंश ओलाव्यात मिसळून पात्याला लागतात. नायलॉनचं आणखी वाईट: कापडाच्या आत फोम, फोमच्या आत प्लास्टिकची पट्टी. फोम दोन दिवस ओला राहतो, पट्टी तडकली की टोक बाहेर येऊन मांडीला लागतं. कडक प्लास्टिकचं किंवा कायडेक्सचं (तापवून साच्यात बसवतात ते प्लास्टिक) म्यान घ्या.

तेही डोळे झाकून नको. तळाशी भोक आहे का बघा. किमान ५ मिलिमीटरचं. मोबाईलची बॅटरी म्यानाच्या तोंडातून आत मारा, खालून उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसत नसेल तर ते म्यान नव्हे, पाण्याचा पेला आहे. लाट अंगावर आली, होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात उभे राहिलात, की त्या पेल्यात खारं पाणी आणि पाण्यात तुमचं पातं. भोक बघा. सुरी पसंत पडली, भाव जमला, दुकानदार पिशवीत घालतोय, तरी थांबवा आणि भोक बघा.

मग पकड. सुरी म्यानात घालून उलटी धरा आणि तीन-चार झटके द्या. पडली तर नको. काढायला दुसरा हात लागत असेल तरी नको. बटणाची पट्टी असेल तर सुरी उपसताना ती धारेखाली येते का पाहा, येत असेल तर महिनाभरात कापली जाईल. डावखुऱ्यांनी पट्ट्यात अडकवायची कडी उलट्या बाजूला लावता येते का तेही विचारावं.

मूठ चार बोटं बसून वर थोडी उरेल एवढी, साधारण ११ ते १२ सेंटिमीटर. रबर किंवा मायकार्टा (कापडाचे थर राळेत दाबून केलेला कडक पदार्थ). लाकूड फुगतं आणि सुकल्यावर रिवेटपाशी फट पडते, तिथे मीठ बसतं. हात ओला करून, थोडं तेल लावून धरून पाहा, कारण बांगडा साफ करताना हात तसाच असतो. बोट पुढे घसरू नये म्हणून मुठीला पुढे उंचवटा हवा. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं, म्हणजे फुल टँग. पाठीची कड काटकोनी असेल तर फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या धातूच्या कांडीवर, घासून ठिणगी पडते. नसेल तरी अडत नाही, लायटर असतोच.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, म्यानात अर्धा पेला पाणी ओता. तळाच्या भोकातून ते सरळ निघून गेलं पाहिजे. साठलं तर परत करा, किंवा गरम खिळ्याने भोक पाडा. धार कागदावर तपासा. नव्या सुरीची धार बहुतेक वेळा ओबडधोबड असते, १००० ग्रिटच्या (दाण्याच्या बारकाईचा आकडा) दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांत पाजवा.

सोबत काय: छोटा दगड, सुती फडकं, औषधाच्या बाटलीत थोडं खोबरेल. एवढंच. कोकण रेल्वेने जाताना सुरी बॅगेत तळाशी, कपड्यांत गुंडाळून. चिपी किंवा मोपाला विमानाने येत असाल तर चेक-इन सामानात, हातातल्या बॅगेत नाही.

मुक्कामी: वापर झाला की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मगच म्यानात. म्यानही धुवा, वाळू आत राहिली की पात्यावर दर वेळी चरे पडतात. रात्री सुरी उशाशी, म्यानाबाहेर, फडक्यात गुंडाळून. पोरं बरोबर असतील तर उंचावर.

परतल्यावर पुन्हा गोडं पाणी, कोरडं फडकं, तेलाचा हात. सुरी एका खणात, म्यान दुसरीकडे खिळ्याला, रिकामं, उलटं टांगून.